लाड करणाऱ्याचं काय?
(लेखमाला : नात्यांच्या आतल्या खोल्या, लेखांक ६)

गेल्या लेखांकात आपण लाड करून घेणाऱ्या जोडीदाराकडे पाहिलं. दिवसभर दहा माणसांचे निर्णय घेणारी बाई ठरवते, की संध्याकाळचा एक तास एकही निर्णय घ्यायचा नाही. नवरा तिचा फोन बाजूला ठेवतो, पान वाढतो, गोष्ट वाचून दाखवतो, आणि हळूहळू तिच्या मनाची बैठकच बदलते. अशी नाती जगणारी मंडळी या मनःस्थितीला ‘हेडस्पेस’ म्हणतात. दोघंही सज्ञान आहेत, दोघांचं आधी मोकळेपणानं बोलणं झालंय आणि हा एकानं लहान होण्याचा आणि दुसऱ्यानं सांभाळण्याचा खेळ आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक आहे, या अटी पाळल्या नसतील तर पुढचं काहीही लागू होत नाही. खऱ्या लहान मुलांशी या विषयाचा काडीचाही संबंध नाही.

या खेळाबद्दल जे बोललं जातं ते बहुतेक सगळं लाड करून घेणाऱ्याविषयी असतं. सांभाळणारा मात्र जणू घरातला गीझर, बटण दाबलं की ऊब मिळणार. त्याच्या मनात त्या तासात काय चालतं, हे कुणी विचारत नाही. (सोयीसाठी ‘तो’ म्हणतोय, अनेक घरांत ही भूमिका बाई करते.) पण माझ्या मते हा खेळ सुरक्षित आहे की नाही, हे त्याच्याच मनावर ठरतं.

सांभाळणाऱ्याच्या मनाची अवस्था बाहेरूनही ओळखू येते. त्याचा आवाज खाली येतो, वाक्यं आखूड होतात. ऑफिसची कटकट, स्वतःची भूक मागे पडते आणि सगळं लक्ष समोरच्या माणसावर येतं. तिला थंडी वाजतेय का, कंटाळा आलाय का, गप्प आहे ती शांत म्हणून की अवघडली म्हणून? यात त्यालाही सुख असतं. आपल्या घरांतल्या पुरुषांना पैसे मिळवून ‘काळजी घ्यायला’ शिकवलेलं असतं. केस विंचरून देणं, पांघरूण घालणं त्यांच्या वाट्याला क्वचितच येतं. काहींना ती मुभा पहिल्यांदा अशा खेळातच मिळते.

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ एरिक बर्न यांनी प्रत्येक माणसाच्या मनात पालक, प्रौढ आणि बालक अशा तीन अवस्था मानल्या. १९६४ साली आलेल्या ‘गेम्स पीपल प्ले’ या पुस्तकामुळे ही मांडणी घराघरांत पोचली. आपल्या खेळात एक जण बालकाकडे झुकतो, दुसरा पालकाकडे. इथवर सोपं आहे. अडचण अशी, की मनातला हा पालक आपण घडवलेला नसतो. लहानपणी आसपासच्या मोठ्यांकडून जसाच्या तसा उचललेला असतो. मायेनं घास भरवणारा आवाज आणि ‘एकदा सांगितलेलं कळत नाही?’ असं डाफरणारा आवाज, दोन्ही त्याच माणसांचे. त्यामुळे जोपासणाऱ्या पालकातून दटावणाऱ्या पालकात घसरायला वेळ लागत नाही, आणि घसरणाऱ्याला ते जाणवतही नाही. म्हणून सांभाळणाऱ्यामध्ये पालकाच्या जोडीला बर्नचा तिसरा गडी, प्रौढ, पूर्ण वेळ जागा हवा. लाड करून घेणाऱ्यानं आपला प्रौढ तासभर विसाव्याला पाठवला तरी चालतं. सांभाळणाऱ्याला ती सवलत नाही.

सगळ्यात मोठी कसोटी संमतीची. हेडस्पेसमध्ये खोल गेलेलं माणूस समोरच्याला खूश करायला कशालाही ‘हो’ म्हणू शकतं. म्हणून जाणत्या जोडप्यांचा नियम असा, की जे आधी ठरलेलं नाही ते मध्येच सुरू करायचं नाही. त्या क्षणी मिळालेला नवा होकार, होकार धरायचा नाही. तो विषय उद्या चहा पिताना काढायचा. ‘नको’ मात्र कधीही आला तरी तत्काळ मानायचा. थांबण्यासाठी सिग्नलचे रंग वापरायची पद्धत आहे : लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे जरा सावकाश. बोलणं सुचत नसेल तर हातावर तीनदा टिचकी मारायची, अशी खूण ठरवता येते. आणि लाल म्हणायचा हक्क सांभाळणाऱ्यालाही आहे. तो स्वतः थकला असेल, आतून वैतागला असेल, तर त्यानं खेळ थांबवायलाच हवा.

दुसरी कसोटी काळजी कशी घेतली जाते याची. लिंडा कुन्स आणि फिलिप शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली प्रौढ जोडीदार एकमेकांची काळजी कशी घेतात हे तपासणारी प्रश्नावली मांडली. गरजेला जवळ असणं, समोरच्याचे इशारे ओळखणं, ताबा न घेता हातभार लावणं, या गोष्टी ती तपासते. शिवाय चौथी एक : गरज असो-नसो, काळजी घेतल्यावाचून न राहवणं. मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी या सक्तीच्या काळजीवाहूपणाबद्दल आधीच लिहून ठेवलं होतं. अशा माणसाला जोडीदार दुबळा राहण्यातच स्वारस्य असतं. तिनं स्वतःहून जेवण मागवलं, एकटीनं प्रवास केला, की त्याचं तोंड उतरतं. तसं झालं तर खेळ केव्हाच संपलेला असतो, राहिलेला असतो तो ताबा.

खेळानंतर दोघांनी शांतपणे एकत्र घालवायच्या वेळाला ‘आफ्टरकेअर’ म्हणतात. पाणी, काहीतरी खाणं, साध्या गप्पा. हाही बहुतेक वेळा एकतर्फीच होतो. सांभाळणाऱ्यालाही त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी अचानक रितेपण येतं, चिडचिड होते, ‘मी जास्त दरडावलं का?’ अशी टोचणी लागते. याला ‘ड्रॉप’ म्हणतात. उपाय साधा आहे : दुसऱ्या दिवशी तिनं, तिच्या नेहमीच्या आवाजात, त्याला सांगावं की काय आवडलं आणि काय नाही.

हे सारं विकृत आहे का, अशी शंका काहींच्या मनात असेल. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या डीएसएम-५ या नियमावलीनुसार आवड वेगळी असणं म्हणजे आजार नव्हे. त्या आवडीपायी स्वतःला त्रास होत असेल किंवा दुसऱ्याला इजा पोचत असेल, तेव्हाच निदानाचा प्रश्न येतो.

सीमारेषा कुठे ओलांडली जाते, हे मात्र स्पष्ट सांगायला हवं. पगाराचं कार्ड, माहेरी जाणं, मैत्रिणींशी बोलणं, औषधं आणि डॉक्टर, यांवर खेळाबाहेरही ‘मी सांगेन तसं’ सुरू झालं, तर त्याला लाड म्हणू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात मारहाणीबरोबरच भावनिक आणि आर्थिक छळही मोडतो. असं घडत असेल तर महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. आणि बाई असो वा पुरुष, मन हलकं करायला ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक कुणालाही फिरवता येतो.