अजामांस : रस, अंगार आणि धूर

चिकित्सापत्रावर ‘पथ्य – अजामांसरस’ असे लिहून देताना मला कधी अडखळल्यासारखे झाले नव्हते. राजयक्ष्मा, धातुक्षय, दीर्घ ज्वरानंतरचे दौर्बल्य यांत हे पथ्य ग्रंथोक्त आहे. पदवी परीक्षेत त्यावर उत्तरे लिहिली आणि पुढे व्यवसायातही पंधरा-सोळा वर्षे तेच लिहीत आलो. मात्र जन्माने व संस्काराने शाकाहारी असल्यामुळे, जो पदार्थ मी इतरांस खावयास सांगत होतो, तो चुलीवर कसा तयार होतो हे मी एकदाही पाहिलेले नव्हते. ही उणीव एका रुग्णाने माझ्या पदरात घातली.

रुग्ण सैन्यातून निवृत्त झालेले, साठी ओलांडलेले गृहस्थ. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात राहणारे. फुफ्फुसाचा क्षय, शासकीय केंद्रातून औषधे चालू, वजन अवघे 46 किलो. ती औषधे अखंड चालू ठेवावयाची, आपण केवळ अग्नी व बल सांभाळावयाचे, या अटीवर मी पथ्य लिहून दिले. तीन आठवड्यांनी मुलगा धावत आला. वडिलांना उलट्या होत होत्या, छातीत आग पडत होती, आणि ‘गोळ्याच बाधतात’ असे ठरवून त्यांनी तीन दिवस गोळ्या बंद ठेवल्या होत्या. क्षयाच्या औषधांत यकृताची बाधा संभवते, म्हणून प्रथम त्यांना केंद्रावर पाठवून रक्ततपासणी करविली. ती निर्दोष आली. औषधे तेथील सल्ल्याने पुन्हा सुरू झाली. मग मी विचारले, “मांसरस घेता ना?”

“रोज घेतो की. तर्रीसकट,” ते म्हणाले. “आणि संध्याकाळी धुरातलं.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. पातेल्यात कांदा-लसूण मसाला, भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण आणि वर बोटभर तेल. त्यांच्या पत्नी अगदी सरळपणे म्हणाल्या, “डॉक्टर, तुम्ही रस लिहिलात. आमच्यात रस म्हणजे रस्साच.” या वाक्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. सुश्रुताने सूत्रस्थानाच्या 46व्या अध्यायात तैलसिद्ध मांस उष्णवीर्य, पित्तकर व गुरू, तर घृतसिद्ध मांस लघू, दीपन व पित्तघ्न असा स्पष्ट भेद केला आहे. तो भेद मला मुखोद्गत होता, पण चिकित्सापत्रावर त्यातले एक अक्षरही उतरले नव्हते.

घरामागे आणखी एक दृश्य होते. नोकरीच्या काळात हे गृहस्थ काही वर्षे नागालँडमध्ये होते. तेथे घरोघरी चुलीवरच्या फळीवर मांस टांगून आठवडेच्या आठवडे धुरवतात. त्या चवीची त्यांना ओढ होती आणि आजारात तोंडाची चव गेल्यावर तीच आठवली. मुलाने हौसेने लोखंडी पिंप कापून धुराडे केले होते. आत बोकडाच्या दोन अख्ख्या मांड्या चार दिवसांपासून टांगलेल्या. आषाढाची दमट हवा, आणि खाली जळत होते प्लायवूडचे तुकडे व रंग दिलेल्या चौकटीचे लाकूड.

येथे चरकाची आठवण व्हावी. विरुद्धाहाराच्या विवेचनात (सूत्रस्थान, अध्याय 26) एरंडाच्या काडीवर ओवून एरंडाच्याच अग्नीवर भाजलेले व एरंडतेलयुक्त मयूरमांस, तसेच हारिद्र काष्ठाच्या शूलावर, त्याच काष्ठाच्या अग्नीवर भाजलेले हारिद्रक पक्ष्याचे मांस प्राणघातक म्हटले आहे. विद्यार्थिदशेत ही उदाहरणे आम्ही पाठ करून सोडून देत असू. मोर कोण भाजतो, असे वाटे. परंतु त्यातील मर्म निराळे आहे. शूल कशाचा आणि अग्नी कोणत्या काष्ठाचा, हा आहारविचाराचाच भाग आहे. प्लायवूडमधील डिंक आणि चौकटीवरील रंग धुराबरोबर मांसावर बसतात. कण्हेरीची काडी किंवा बिब्याचे सरपण मांसाजवळ कधीही आणू नये. बिब्याच्या धुराने त्वचा व डोळे यांचे काय होते हे आपणांस ठाऊक आहे. रेझिनयुक्त चीडही टाळावे. बाभूळ, बोर, चिंच यांचे वर्षभर वाळलेले लाकूड आपल्याकडे सहज मिळते.

दुसरा दोष अधिक धोक्याचा होता. धूर मांसाचे बाह्यांग रंगवितो व काही अंशी जंतूंपासून राखतो. हाडालगतचे मांस मात्र कोमट अवस्थेत दिवसचे दिवस कच्चे राहते. 5 ते 60 अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. अख्खी मांडी शिजली असे म्हणण्यासाठी आतील भाग किमान 63 अंशांपर्यंत तापून वर काही मिनिटे तसाच राहावा लागतो. खिम्याला 71 अंश लागतात. शेळ्यांतून माणसांत येणारा ब्रुसेलोसिस आपल्या ग्रामीण भागात अपरिचित नाही. जाता जाता, शेळीला क्षय होत नाही ही समजूतही खरी नाही. उत्तरकालीन ग्रंथांत यक्ष्म्यात छागमांस, छागदुग्ध व शेळ्यांच्या सहवासात शयन सांगितले आहे, त्याचा असा अर्थ काढून कोणी कच्चे दूध पाजू नये.

शुष्क मांसाविषयी आपली परंपरा सावध आहे. चरकाने ‘वल्लूर’ म्हणजे वाळविलेले मांस, गुरुत्वामुळे नित्य सेवनास वर्ज्य ठरविले (सूत्रस्थान, अध्याय 5). याचाच एक अवशेष मराठवाड्यातील दलित समाजाच्या ‘चान्यां’त, म्हणजे मांसाच्या उन्हात वाळविलेल्या पट्ट्यांत दिसतो, शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (2015) या पुस्तकात त्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. तेथे वाळवण हौसेचे नव्हते. वाट्यास आलेले मांस एका दिवसात संपणार नाही आणि उद्या मिळेल याची शाश्वती नाही, या स्थितीतून ते आले. अशा अन्नास नाक मुरडण्याचा अधिकार वैद्यास नाही. परंतु ज्यास ताजे मांस परवडते त्या क्षयरुग्णाने वल्लूर का खावे, हा प्रश्न उरतोच. आधुनिक संशोधनाचाही कल याच दिशेचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 मध्ये खारवलेले, धुरवलेले, प्रक्रिया केलेले मांस निश्चित कर्करोगकारक गटात व बोकडासह सर्व तांबडे मांस संभाव्य गटात घातले. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की उठणाऱ्या धुरात बेंझोपायरीन असते. युरोपीय संघाने धुरवलेल्या मांसासाठी 2014 पासून त्याची मर्यादा किलोमागे 2 मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली.

मग त्यांना धूर सर्वस्वी बंद करावा काय? माझ्या मनात तेच होते. परंतु ज्याचा अरोचक त्या एका गंधाने ओसरतो, त्याच्या ताटातून तो गंध काढून घेणे म्हणजे अन्नच काढून घेणे. शेवटी आम्ही, म्हणजे काकूंनी चुलीपाशी आणि मी पाटावर वही घेऊन, क्रमच उलटा केला.

मांस उस्मानाबादी बोकडाचे, रानात चरलेल्या, फार कोवळ्या वा जून नसलेल्या. चरकाने त्याज्य मांसात ‘अगोचरभृत’, म्हणजे स्वतःच्या चरण्याच्या प्रदेशाबाहेर पोसलेला प्राणीही गणला आहे. त्याच 27व्या अध्यायात मांडीपेक्षा खांदा, खांद्यापेक्षा छाती, छातीपेक्षा शिर उत्तरोत्तर गुरू म्हटले आहे. म्हणून मांडीचेच तुकडे, हाडासह, पाव किलो. वरची चरबी काढलेली. बोकडाची चरबी बहुतांश आतड्यांभोवती साठते, मांसात कमी. त्यामुळे कोरड्या आचेवर ते चामट होते. पाण्यात मंद शिजविले की स्नायूंचे बंध विरघळून रसात उतरतात. सव्वा लिटर पाणी, सुंठ, धने, चार मिरी, थोडे सैंधव. पातेल्यावर झाकण ठेवून दीड-दोन तास मंदाग्नी. कुकर लावण्यास माझी हरकत नाही. रस गाळून अर्ध्यावर आला की वर आलेला स्नेह पळीने काढावा आणि चमचाभर तुपात जिरे-हिंगाची फोडणी द्यावी. हा कृत रस. वांती चालू असेपर्यंत फोडणीविना अकृत रस, तोही वाटीभर, कोमट. संसर्जनक्रम आपण पंचकर्मानंतर पाळतो, तो येथे का पाळू नये? चरकाने अजामांस फार शीत, गुरू वा स्निग्ध नाही, मानवी धातूंशी साम्य असल्याने अनभिष्यंदी व बृंहण म्हटले, ते सुपाच्य पाकानेच अनुभवास येते.

पूर्ण शिजलेले तुकडे मग जाळीवर, बाभळीच्या राखाळलेल्या निखाऱ्यांपासून हातभर उंच, उघड्या अंगणात वीस मिनिटे धरावयाचे. आतून मांस शिजलेलेच असते, चरबी आधीच रसात उतरून काढलेली असते, म्हणून ठिबक अत्यल्प. पावसात घरातच हवे असेल तर पातेल्यात वाटी ठेवून तीत एक निखारा, त्यावर दोन लवंगा व तुपाचे चार थेंब, झाकण दोन-तीन मिनिटे, खिडकी उघडी. जळलेल्या तुपाचा धूरही निर्दोष नाही, म्हणून अधिक वेळ नको. हे पंधरा दिवसांतून एकदा आणि त्याच दिवशी संपवावयाचे. टांगून ठेवणे बंद.

पहिला आठवडा त्यांनी केवळ अकृत रस घेतला आणि त्यास ‘हॉस्पिटलचं पाणी’ असे नाव दिले. दुसऱ्या आठवड्यात फोडणी आली. छातीतील आग शमल्यावर, महिन्याने, पहिला धुरी दिलेला तुकडा त्यांच्या पानात पडला. गोळ्या पुन्हा चुकल्या नाहीत. औषधांचा काळ संपला तेव्हा वजन 53 किलो होते आणि पिंपात मुलाने कोंबड्यांचे खाद्य भरले होते.

वहीतील ते पान मी झेरॉक्स करून दवाखान्यात ठेवले आहे. मांसरस लिहिला की ते सोबत देतो, आणि रुग्णाच्या घरी जो स्वयंपाक करतो त्यालाच समोर बसवून वाचून दाखवितो. मागील महिन्यात एका सूनबाईंनी ते वाचून विचारले, “यात कांदा नाही का?” काकूंना दूरध्वनी करून विचारले. त्या म्हणाल्या, “चिरून नको, अख्खा टाका आणि नंतर काढून टाका.” तेही पानावर लिहून घेतले आहे.