पैसा न देणारा खेळ हवा कशाला?

भाताच्या खाचराला बांध असतो. खाचरात भात पिकतो. बांधावर कोणी तूर लावतो. भात विकला की रोख पैसा येतो. बांधावरची मूठभर तूर बाजारात जात नाही. ती घरच्या आमटीत संपते. मग तूर लावणारा शेतकरी वेडा का? नाही. पोरांच्या अंगाला ती लागते.

खेळांचेही असेच आहे. क्रिकेटचा मोठा सामना बघायला लोक तिकीट काढतात. पण कॉलेजातला खो-खो, मल्लखांब, पोहणे, धावणे तिकीट काढून कोण बघणार? अशा खेळात पैसा जातो, येत नाही.

विद्यापीठ म्हणजे अनेक कॉलेजांचे थोरले घर. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. आपल्या शहापूर-मुरबाडची कॉलेजे त्यालाच जोडलेली आहेत. विद्यापीठ परीक्षा घेते, तसे कॉलेजांचे सामनेही भरवते. आता कोणी म्हणाले, “आणखी एक खेळ सुरू करा. पैसा मिळणार नाही, तरी करा.” तर विद्यापीठाने काय करावे?

एक जण म्हणेल, “नको. मैदान पाहिजे, वस्ताद पाहिजे, खुराक पाहिजे, गाडीभाडे पाहिजे. हा पैसा पोरांच्या फीतून जातो. त्यापेक्षा पुस्तके घ्या.” हे म्हणणे खोटे नाही.

आता दुसरी बाजू ऐका. खाशाबा जाधव हे कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे पैलवान. १९५२ साली त्यांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायचे होते. पैसा नव्हता. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. यात नफा काय होता? काही नाही. पण खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक!

आपल्या हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे बघा. कित्येक वर्षे तो मातीतला फुकटचा खेळ होता. १९९० साली तो आशियाई खेळांत आला. २०१४ पासून त्याची मोठी लीग सुरू झाली. आता लोक तिकीट काढून कबड्डी बघतात. आधीच कोणी “पैसा नाही, बंद करा” म्हटले असते तर?

अमेरिकेतही हा वाद आहे. तिथे काही विद्यापीठांना फुटबॉलमधून पुष्कळ पैसा मिळतो. त्यातून बाकीचे खेळ चालतात. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाने पैशाच्या अडचणीमुळे ११ खेळ बंद करायचे ठरवले. त्यात कुस्तीही होती. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठाचा एक गडी सगळ्या देशातल्या कॉलेजांच्या कुस्तीत आपल्या वजनगटात पहिला आला. लोकांनीही आवाज उठवला. विद्यापीठाने ते ११ खेळ चालू ठेवले.

आता आपल्याकडे या. तानसा तलावाच्या आसपासची पोरं रोज डोंगर चढतात. अंगात दम आहे. पण बॅट आणि पॅड घ्यायला पैसा नाही. धावायला, खो-खो खेळायला सामान थोडेच लागते. असे खेळ बंद झाले तर आधी गरिबाच्या पोराचे दार बंद होते.

म्हणून पैसा येतो का, एवढेच विचारू नये. तीन गोष्टी विचाराव्यात. एक, खेळायला पुरेशी मुले-मुली आहेत का? दोन, वस्ताद आणि जागा कायमची मिळेल का? तीन, चालू खेळांतल्या पोरांचा खुराक तुटणार नाही ना? तिन्हींचे उत्तर चांगले असेल तर नवा खेळ जरूर घ्यावा. नसेल तर आधी आहेत ते खेळ नीट चालवावेत. घरात चार पोरं उपाशी असताना पाचवे पान मांडून काय उपयोग?

तुमचा मुलगा किंवा मुलगी कॉलेजात असेल तर विचारा, “तुमच्याकडे कोणते खेळ आहेत? मुलींना कोणते आहेत?” फी आपण भरतो. विचारण्याचा हक्क आपला आहे.