चहाचे विरजण

मराठीच्या अध्यापिकेच्या घरी पदार्थाआधी शब्दाची चौकशी व्हायचीच. जपानी भाषेत ‘कोंबु’ म्हणजे एक समुद्रशेवाळ आणि ‘चा’ म्हणजे आपला चहा. त्यामुळे जपानात कोंबुचा मागाल, तर शेवाळाचे खारट गरम पाणी पुढ्यात येईल! आपण घरी करतो त्या आंबवलेल्या चहाला तिथे ‘कोचा किनोको’, म्हणजे चहाची अळंबी, म्हणतात. ईशान्य चीनकडून हे पेय रशियात गेले असे मानतात. तिथेही त्याचे नाव चहाची अळंबीच. गंमत अशी की, बरणीत तरंगते ती अळंबी नव्हेच.

ती गुळगुळीत, भाकरीसारखी चकती जिवाणूंनी विणलेली असते. कापसात असते तेच सेल्युलोज तिच्यात असते. आत दोन बिऱ्हाडे एकत्र नांदतात. यीस्ट साखर फोडून थोडे अल्कोहोल आणि वायू तयार करते. जिवाणू त्या अल्कोहोलपासून सिरक्यातले आम्ल बनवतात. एकाचे उष्टे ते दुसऱ्याचे जेवण.

कृती अगदी सोपी. १ लिटर पाण्याला आधण आणून दोन चमचे चहा आणि ८० ग्रॅम साखर घालावी. दूध, आले, मसाला काही नको. गाळून पुरते गार होऊ द्यावे, मग आधीच्या खेपेचे १०० मिलिलिटर आंबट पाणी आणि चकती घालून काचेच्या बरणीला स्वच्छ दादरा बांधावा. सात-दहा दिवसांत पेय तयार होते. उन्हाळ्यात त्याआधीच चव घेऊन बघावी.

मागायला येणाऱ्या शेजारणी चकतीच मागतात. मी त्यांना सांगते, बाई, खरे विरजण ते जुने पाणी! चकती नसली तरी नवी धरते. पण आंबट पाणी कमी पडले, तर पहिले काही दिवस तो गोड चहा उघड्या माळरानासारखा असतो आणि बुरशीला आयतेच फावते. आम्लता मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात. आठवड्याभरात आकडा ४ च्या खाली यायला हवा, २.५ च्या खाली मात्र जाऊ नये. वर कोरडी, केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर चकतीसकट सारे टाकून द्यावे. वरचेवर काढून खालचे वापरू नये. तळाशी लोंबणारे तपकिरी धागे मात्र यीस्टचे. त्यांना भ्यायचे कारण नाही.

पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे आपल्याला ठाऊकच आहे. तोच न्याय इथे. आजीची लोणच्याची चिनी मातीची बरणीही नको. जुन्या झिलईत शिसे असू शकते आणि आम्ल ते ओढून घेते.

“यात दारू असते का गं?” सासूबाईंनी विचारले. असते, थोडी. साखर-फळे घालून बाटली घट्ट बंद करून उबेत ठेवली तर वाढते, आणि वायूच्या दाबाने बाटली फुटूही शकते. अमेरिकेत अर्ध्या टक्क्याहून अधिक अल्कोहोल असेल तर पेयाला मद्याचे नियम लागू होतात. २०१० साली तिथे याच शंकेवरून दुकानांतून बाटल्या उचलल्या गेल्या. हे ऐकून सासूबाईंनी पेला सरकवून दिला. त्यांचे बरोबरच होते. गरोदर बायकांनी आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनीही घरचा कोंबुचा टाळावा.

सासऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांना मधुमेह. कुणीतरी सांगितले, हे प्यायलात की गोळ्या सुटतील. २०२३ साली जॉर्जटाउन विद्यापीठातील संशोधकांनी एक चाचणी प्रसिद्ध केली खरी. चार आठवडे कोंबुचा घेतल्यावर उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. पण रुग्ण होते अवघे १२! शिवाय आंबले तरी सगळी साखर संपत नाही. मी गोळ्यांची डबी त्यांच्या पानाशेजारी ठेवली आणि म्हटले, “बाबा, आधी डॉक्टरांना विचारू.” डॉक्टरांनी गोळ्या तशाच ठेवल्या आणि आठवड्यातून दोनदा अर्धा पेला चालेल म्हणाले. बाबा तो अर्धा पेला आता मोजून घेतात. बुधवारी आणि रविवारी.