मामंजींची मतं आणि माझं मत

निवडणूक जवळ आली की तुमच्या घरी काय होतं मला ठाऊक नाही, आमच्या घरी मात्र जेवणाच्या वेळा बदलतात. सातच्या बातम्या लागल्या की मामंजींना टीव्हीसमोरून उठवायची कुणाची टाप नाही. आमटी दोनदा गरम होते, भात गार होतो, आणि शेवटी पानं वाढली की पहिल्या घासाबरोबर मामंजींची मतं सुरू होतात.

मामंजी जुन्या वळणाचे आणि त्याचा अभिमान बाळगणारे. मी ज्या निवडणुकीविषयी लिहिते आहे, त्या २०२४ सालच्या लोकसभेच्या वेळी त्यांनी नुकतीच ऐंशी पूर्ण केली होती. त्यांची सगळीच मतं मला पटत नाहीत असं मात्र समजू नका हं! उमेदवारानं मतदाराला फुकट काही देऊ नये, कारण घेणाऱ्याचा हात नेहमी खाली असतो, असं ते म्हणतात. पक्ष बदलणाऱ्याला ते ‘पंगतीत पान बदलणारा’ म्हणतात. उमेदवारानं अर्जाबरोबर मालमत्तेचं आणि गुन्ह्यांचं जे प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, ते आमच्या ह्यांच्याकडून छापून आणवतात आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचतात. “मुलगी द्यायची तर घरदार बघतो ना आपण? मग अख्खा मतदारसंघ देताना नको बघायला?” यावर काय बोलणार?

पण ह्या सगळ्या मतांच्या शेवटी एक ठरलेलं मत असे : “घर एक, तर मत एक.” म्हणजे घरातली चारही मतं एकाच ठिकाणी पडायची, आणि ते ठिकाण अर्थातच मामंजी ठरवायचे. चौघांची मतदार ओळखपत्रं त्यांच्या कपाटात एका खाकी पाकिटात असत. मतदानाच्या दिवशी सकाळी ते ज्याचं त्याच्या हातात देत, कुठलं चिन्ह ते सांगत, आणि आल्यावर परत मागून घेत.

आता माझी गंमत सांगते. गंमत कसली, लाजच. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते, इतिहास आणि नागरिकशास्त्र. ‘गुप्त मतदान’ हा शब्द मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. आपण कुणाला मत दिलं हे विचारण्याचा कुणालाही अधिकार नाही, अगदी घरच्यांनाही नाही, असं मुलांना ठासून सांगते. आणि घरी आले की पोळ्या लाटता लाटता “हो मामंजी” म्हणते! लग्नाला तेरा वर्षं झाली होती, पण प्रत्येक वेळी सांगितलेलंच बटण दाबून आले होते. तिथे पुठ्ठ्याच्या आडोशामागे आपण एकट्या असतो. चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. कुणाला कळायची सोय नाही. तरी मला मात्र मामंजी पाठीमागे उभे आहेत असंच वाटायचं.

तर त्या वर्षी आमचं, म्हणजे मावळ मतदारसंघाचं, मतदान १३ मेला होतं. सोमवार. अकरा तारखेचा दुसरा शनिवार, बारा तारखेचा रविवार आणि तेराची मतदानाची सुट्टी. ह्यांनी कॅलेंडर पाहिलं आणि ह्यांचे डोळे चमकले. “सलग तीन दिवस! दिवेआगरला जाऊन येऊ. सोमवारी रात्री परत.”

मुलांनी उड्या मारल्या. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही मारली. मे महिन्यात लोणची, पापड, कुरडया यांतून मान वर काढायला मिळत नाही. तीन दिवस कुणी आयतं ताट पुढे ठेवणार म्हटल्यावर कोणाला नको?

“आणि मत?” मामंजींनी विचारलं.

“आपल्या चार मतांनी काय होतंय, अप्पा?” हे म्हणाले.

झालं! मामंजी तीन दिवस ह्यांच्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी बोलले ते असं : “मतदानाच्या दिवशी नोकरदाराला भरपगारी सुट्टी मिळते, ती कायद्यानं दिलेली आहे. मत देण्यासाठी. वाळूत लोळण्यासाठी नाही. जायचं असेल तर खुशाल जा, मी येत नाही.”

सासूबाई म्हणाल्या, “हे नाहीत तर मीही नाही.” मुलांचे चेहरे पडले. शेवटी मीच मध्यस्थी केली. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी जेवून परत फिरायचं, सोमवारी सकाळी मत. दोन दिवसांचा समुद्र तर समुद्र! हे कुरकुरले, पण कबूल झाले.

शुक्रवारी, १० मेला, अक्षय्य तृतीया होती. मामंजींनी नेहमीप्रमाणे पाण्यानं भरलेला कुंभ दान दिला आणि पितरांचं तर्पण केलं. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी, पणजी, सगळ्यांची नावं घेऊन ओंजळीनं पाणी सोडलं. मी तेव्हा आंबे पिळत होते. त्या नावांकडे माझं लक्षही नव्हतं.

पहाटे पाचला तळेगाव सोडलं. वडीलधारी माणसं आणि मुलं बरोबर असली की घाट जपून घ्यावा लागतो. माझा अनुभव असा, की निघताना पोटभर खाऊ नये आणि अगदी रिकाम्या पोटीही बसू नये. मी दुधातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. आल्याच्या वड्या मुलांच्या खिशात दिल्या होत्या. ताम्हिणी घाटात त्यांनी काम चोख केलं. मामंजींसाठी घडीची खुर्चीही घेतली. वाळूत बसलं की म्हाताऱ्या गुडघ्यांना उठवत नाही, ही गोष्ट किनाऱ्यावर गेल्यावर आठवून उपयोग नसतो.

माणगाव, म्हसळा, बोर्ली करत दिवेआगरला पोचलो. घरगुती राहण्या-जेवणाची सोय होती. मागे सुपारीची वाडी, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. वाडीत मधेमधे मोकळं आभाळ दिसत होतं. घरच्या काकू म्हणाल्या, “निसर्ग वादळानं नेलेली जागा ती.” ३ जून २०२० ला ते चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्याच आसपास किनाऱ्यावर आलं होतं. पिढ्यान् पिढ्या जपलेली नारळी-पोफळीची झाडं काही तासांत आडवी झाली. “लावलीत पुन्हा,” काकू म्हणाल्या, “पण पोफळ काय, पाच-सहा वर्षं तरी वाट बघायला लावते.”

ताटं वाढताना त्यांच्या बोटावरची काळी रेघ दिसली. रायगडचं मतदान आमच्या आधी, मंगळवारी ७ मेला, होऊन गेलं होतं. “आमचं झालं,” त्या म्हणाल्या. “तुमचं कधी?”

“सोमवारी,” हे म्हणाले आणि घाईघाईनं पुढे जोडलं, “उद्या निघतोय ना आम्ही परत!” मामंजींनी सोलकढीची वाटी तोंडाला लावली, पण मिशीतलं हसू मला दिसलं.

संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो. भरती-ओहोटीची वेळ काकूंना आधीच विचारून ठेवली होती. मैत्रिणींनो, ही चौकशी कधी चुकवू नका. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तासानं पुढे सरकते, त्यामुळे कालच्या अंदाजावर मुलांना आज पाण्यात सोडणं बरं नव्हे. ओहोटी होती. लांबच लांब ओली वाळू, मागे सुरूचं बन. हे मुलांना घेऊन शंख वेचायला गेले. मामंजी खुर्चीत आणि आम्ही दोघी चटईवर बसलो होतो. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या नाहीत, दुधावर लक्ष ठेवायचं नाही. सासूबाईंनी पाय लांब पसरले होते. तेरा वर्षांत त्यांना तशा बसलेल्या मी पाहिलं नव्हतं.

मोकळ्या हवेत मामंजींना बालपण आठवलं. ते ग्वाल्हेरला गेलं. आजोबा तिथे नोकरीला होते. पहिल्या निवडणुकीसाठी नावं लिहून घ्यायला घरोघर माणसं आली, तेव्हा मामंजी सहा-सात वर्षांचे होते.

“ओसरीवर तो माणूस वही घेऊन बसला होता. आजोबांचं नाव लिहिलं, वडिलांचं लिहिलं. मग म्हणाला, बाईंचं नाव? आजी दाराआडून म्हणाली, ह्याच्या बापाची आई म्हणून लिहा! तो म्हणाला, तसं चालत नाही, नाव हवं. पण आजीनं काही नाव सांगितलं नाही. पुन्हा कुणीतरी आलं, तरी नाही. परक्या पुरुषाला नाव कसं सांगायचं? काय मर्यादा होती त्या बायकांची!”

ह्या गोष्टीचा पुढचा भाग मी वर्गात शिकवते, म्हणून मला माहीत होता. १९५१-५२ च्या त्या पहिल्या निवडणुकीत देशातल्या सुमारे आठ कोटी बायका मतदार होत्या. त्यांपैकी जवळजवळ २८ लाख बायकांनी आपलं नाव सांगितलंच नाही. कुणी ‘अमक्याची बायको’, कुणी ‘तमक्याची आई’. हा प्रकार मुख्यतः उत्तरेकडच्या आणि मध्य भारतातल्या राज्यांत झाला. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी नाव सांगायला जास्तीची मुदत दिली, आणि तरीही ज्यांनी सांगितलं नाही त्यांची नोंद यादीतून काढून टाकायला लावली. कठोर वाटतं, पण त्यामुळेच पुढच्या निवडणुकीला बायका आपापल्या नावानं यादीत आल्या.

मी हे सांगितलं. मामंजी म्हणाले, “असेल. आजोबा मात्र नवा फेटा बांधून गेले होते मताला. आजी दारात उभी राहून बघत होती, एवढं आठवतं.”

सासूबाई समुद्राकडे बघत होत्या. तशाच बघत म्हणाल्या, “काल तर्पण करताना तुम्ही त्यांचं नाव घेतलंत. दर वर्षी घेता. मेल्यावर पाणी द्यायला नाव लागतं. जिवंतपणी ते यादीत लागलं असतं तर काय बिघडलं असतं?”

मामंजी काही बोलले नाहीत. सासूबाईही पुढे बोलल्या नाहीत. वर्षानुवर्षं खाकी पाकिटातून ओळखपत्र घेऊन परत देणाऱ्या बाईनं एवढं बोलणं हेच पुष्कळ होतं. थोड्या वेळानं मुलं परत आली. माझ्या मुलीनं विचारलं, “कुणाबद्दल बोलताय?”

“माझ्या आजीबद्दल,” मामंजी म्हणाले, आणि त्यांनी आजींचं नाव सांगितलं. सासरचंही आणि माहेरचंही. तर्पणाच्या बाहेर ते नाव त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं.

रात्री उकडीचे मोदक होते. मी न केलेले, म्हणून जास्तच गोड! रविवारी सकाळी पुन्हा एकदा समुद्र, मग जेवून परतीचा रस्ता. (ओले कपडे तसेच पिशवीत कोंबू नका. आधी साध्या पाण्यातून काढून मीठ घालवा, आणि वाळू मात्र कपडे वाळल्यावरच झटका. ओली वाळू झटकायला गेलं की जास्तच चिकटते.) वाटेत ह्यांनी निवडणुकीचा विषय काढून पाहिला. मामंजी म्हणाले, “घाट आहे, समोर बघ.”

सोमवारी सकाळी सातलाच निघायचं होतं. मामंजींनी कपाट उघडलं, खाकी पाकीट काढलं, ज्याचं त्याच्या हातात दिलं. मी चिन्ह ऐकायला उभी राहिले. सवयच ती! पण मामंजी चपला घालून फाटकापर्यंत गेलेसुद्धा. परत आल्यावर मी माझं ओळखपत्र त्यांच्यापुढे धरलं, तर म्हणाले, “तुझं तुझ्याकडे ठेव. मला आता कुठे काय ठेवलंय ते लक्षात राहत नाही.” ऐंशी वर्षांच्या ज्या माणसाला १९५१ सालचा वहीवाला आठवतो, त्याला पाकीट आठवत नाही! मी “हो मामंजी” म्हटलं. त्या दिवशीचं “हो” मनापासून होतं.

सासूबाईंनी आपलं ओळखपत्र देव्हाऱ्याशेजारच्या त्यांच्या डब्यात ठेवलं, दागिन्यांच्या पावत्यांबरोबर.

त्या दिवशी मी कुणाला मत दिलं? ते मी ह्यांना सांगितलं नाही, सासूबाईंना सांगितलं नाही आणि तुम्हालाही सांगणार नाही. कदाचित मामंजींनी दिलं त्यालाच दिलं असेल. पण ते माझं होतं.

तेव्हा मैत्रिणींनो, घरातल्या जुन्या माणसांची सगळीच मतं टाकाऊ नसतात. सुट्टी मिळाली म्हणून मत सोडू नये, हे मामंजींचं म्हणणं सोळा आणे खरं. समुद्र कुठे पळून जात नाही. पण ‘घर एक, मत एक’ हे मात्र कुणी सांगितलं, अगदी प्रेमानं सांगितलं, तरी ऐकू नका.

आणि एक काम आजच करा. मतदार यादीत तुमचं नाव आहे का, आणि कुठे आहे, ते बघा. लग्नानंतर कितीतरी जणींची नावं माहेरच्याच यादीत राहून जातात. पत्ता बदलायला किंवा नावातली चूक दुरुस्त करायला आठ नंबरचा अर्ज असतो आणि नव्यानं नाव घालायला सहा नंबरचा. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा एखाद्या निवांत दुपारी हे उरकून टाका. नाव पूर्ण लिहा. अमक्याची बायको म्हणून नव्हे, स्वतःचं.

बोटावरची शाई घासू नका, बरं का. लिंबानं ती जात नाही, मी करून पाहिलंय. नख वाढेल तशी ती आपोआप पुढे सरकते. जवळजवळ दोन महिने माझ्या नखावर ती रेघ होती. पोळ्या लाटताना दिसायची, आणि दिसली की बरं वाटायचं.