पुन्हा पाहावा, पण पूर्ण पाहावा

समुद्री चाच्यांचे जुने चित्रपट म्हटले की तलवारीचा खणखणाट, धडाडणाऱ्या तोफा आणि दोरीला लोंबकळत शत्रूच्या जहाजावर झेप घेणारा देखणा नायक एवढेच डोळ्यांसमोर येते. असे चित्रपट भव्य पडद्यावर एकदा पाहायचे आणि सोडून द्यायचे. घरी टीव्हीवर ते पुन्हा लावण्यात काय हशील, असे पुष्कळांना वाटते. वॉर्नर ब्रदर्सचा 1940 सालचा ‘द सी हॉक’ हा समज खोडून काढतो. मायकेल कर्टिझने दिग्दर्शित केलेल्या आणि एरॉल फ्लिनने गाजवलेल्या या चित्रपटाचा खरा आशय थिएटरांतल्या पुनर्प्रदर्शनासाठीच एकदा कापून टाकला गेला होता आणि घरी पाहायच्या डिस्कमुळे तो प्रेक्षकांना परत मिळाला. म्हणून तो घरी पुन्हा पाहणे म्हणजे नुसते स्मरणरंजन नव्हे. तो नीट पाहण्याची संधीच मुळी तिथे मिळते.

आशय म्हणजे काय, ते पहिल्याच प्रसंगात दिसते. स्पेनचा राजा फिलिप भिंतीवरच्या जगाच्या नकाशासमोर उभा राहून आपले मनसुबे सांगतो आहे. इंग्लंड तेवढे आडवे येते, ते एकदा संपले की सगळे जग स्पेनचे. बोलता बोलता त्याची सावली मोठी होत जाते आणि नकाशा झाकून टाकते. कथा सोळाव्या शतकातली, पण चित्रपट पडद्यावर आला तो 1940 च्या उन्हाळ्यात. जूनमध्ये फ्रान्स पडला होता, ब्रिटन एकाकी लढत होते आणि अमेरिका युद्धाबाहेर होती. ही सावली कोणाची, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला सांगावे लागले नसणार. पुढची कथाही त्याच दिशेने जाते. आरमार बांधायचे तर खर्च फार आणि स्पेनला डिवचण्याची भीती, म्हणून एलिझाबेथ राणी कचरते. तिचा सल्लागार वुल्फिंगहॅम आतून स्पेनला सामील असतो. जेफ्री थॉर्प हा सागरी लढवय्या मात्र संकट दारात येण्याआधी तयारी करा, असे विनवत राहतो. पटकथाकार हॉवर्ड कॉच आणि सीटन मिलर यांनी साहसकथेच्या पोटात त्या काळातला सर्वांत कळीचा वाद घातला होता. संगीतकार एरिक वोल्फगांग कोर्नगोल्ड हा तर व्हिएन्नाचा ज्यू. 1938 मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर त्याला मायदेशी परतणे शक्य राहिले नव्हते. साखळदंडांनी वल्ह्यांना जखडलेले इंग्रज कैदी बंड करून जहाज ताब्यात घेतात, तेव्हा त्याचे संगीत वाद्यांवर थांबत नाही, कैद्यांच्या कंठातून समूहगीत होऊन उसळते. त्या उसळीमागे काय होते, याचा अंदाज यावरून बांधता येतो.

मूळ चित्रपट 127 मिनिटांचा. युद्ध संपल्यावर 1947 मध्ये तो ‘द सी वुल्फ’च्या जोडीने पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा कात्री लावून तो सुमारे 109 मिनिटांवर आणला गेला. पुढे वर्षानुवर्षे हीच आखूड प्रत फिरत राहिली. चित्रपटाच्या अखेरीस राणी एक भाषण करते. एका माणसाची महत्त्वाकांक्षा जगाला ग्रासू लागली की उभे राहणे हे स्वतंत्र माणसांचे कर्तव्य ठरते, अशा आशयाचे ते भाषण ब्रिटिश प्रेक्षकांसाठी ठेवलेले होते. इतर अनेक प्रतींत ते नव्हतेच. घरगुती आवृत्त्यांमध्ये कापलेला भाग आणि हे भाषण पुन्हा जोडले गेले. पनामातल्या प्रसंगांची मूळची तपकिरी छटाही परत आली. घामाने निथळणारे ते जंगल इंग्लंडच्या करड्या दरबाराहून वेगळे दिसावे, हा त्या छटेचा हेतू होता.

घरी पाहण्यावर पहिला आक्षेप पडद्याच्या आकाराचा. वॉर्नरने या चित्रपटासाठी पाण्याने भरता येईल असा नवा स्टुडिओ बांधला आणि त्यात पूर्ण आकाराची दोन जहाजे उभी केली. ती भव्यता घरी उणावते, हे मान्यच. पण घरी प्रसंग थांबवून, मागे नेऊन पाहता येतो. शेवटच्या द्वंद्वात वुल्फिंगहॅम झालेल्या हेन्री डॅनिएलला तलवार धड चालवता येत नव्हती. त्यामुळे बदली कलाकार, चेहऱ्याचे तुटक तुकडे आणि भिंतीवर झुंजणाऱ्या प्रचंड सावल्या यांतून ती लढत रचावी लागली. दुसऱ्यांदा पाहताना ही रचना उलगडते आणि पहिल्या प्रसंगातली सावली इथे मुद्दाम परत आणली आहे, असे वाटू लागते. अडचणीतून निघालेली युक्ती अशी आशयाला पूरक ठरते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा तर प्रचार, आणि तोही इतिहास वाकवून केलेला. थॉर्प ज्याच्यावर बेतला आहे तो फ्रान्सिस ड्रेक तरुणपणी जॉन हॉकिन्सबरोबर गुलामांच्या व्यापाराच्या सफरींवर होता. पडद्यावरचा थॉर्प मात्र गुलामांच्या बेड्या तोडतो. इंग्रजांना वीर वाटणारे हे सागरी लढवय्ये स्पेनच्या लेखी चाचेच होते. मराठी वाचकाला हा दुटप्पीपणा चटकन कळावा, कारण आपल्या सागरी सत्तेसाठी लढणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्रे यांनाही इंग्रजांनी चाचाच म्हटले. आक्षेप खरा आहे, पण त्यातून चित्रपट टाकून द्यावा असे निघत नाही. सोळाव्या शतकाचा इतिहास शिकण्यासाठी तो पाहूच नये. घाबरलेल्या 1940 ने धीर गोळा करण्यासाठी कोणता भूतकाळ निवडला आणि त्यातले काय लपवले, हे समजण्यासाठी मात्र त्याच्याइतका बोलका पुरावा विरळा. आणि पुरावा म्हटला की तो अखंड हवा. काटछाट केलेल्या प्रतीत दिमाखदार हाणामारी उरते. प्रचार, त्यामागची निकड आणि त्यातली लपवाछपवी हे सगळे पूर्ण प्रतीतच तपासता येते. म्हणून हा चित्रपट घरी लावण्याआधी त्याची लांबी पाहून घ्यावी. ती 127 मिनिटे नसेल, तर दुसरी प्रत शोधावी.