जुन्या रस्त्यातूनच नवा रस्ता

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या वाटेवरील काँक्रीटचा एक जुना रस्ता उखडण्याचे काम चालले होते. एका बाजूने मालमोटारी फुटलेले तुकडे भरून शहराबाहेर नेत आणि दुसऱ्या बाजूने खाणीतील नवी खडी आणून ओतीत. ते पाहून आठवीतील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, दगड टाकून पुन्हा दगडच का आणतात?" मी कलाशाखेचा पदवीधर, मला चटकन उत्तर सुचेना. पुढे वाचून जे उमगले ते येथे सांगतो.

काँक्रीट हा सिमेंट, वाळू, खडी व पाणी यांपासून केलेला कृत्रिम पाषाणच होय. उन्हाने तो प्रसरण पावतो, थंडीने आकसतो. म्हणून रस्ता ओतताना मध्ये सांधे ठेवून त्याच्या मोठमोठ्या लाद्या करतात. वर्षानुवर्षे या सांध्यांतून पाणी झिरपते, खालची माती वाहून जाते, लादीची कड अधांतरी राहते आणि एखादे जड वाहन गेले की तिला तडा जातो. अशा लाद्यांवर नुसता डांबरी थर पसरला तर रस्ता काही काळ नवा दिसतो खरा. परंतु खालच्या लाद्या हलतच असतात. त्यांबरोबर वरचा थर ताणला जातो आणि खालचे सांधे व तडे काही वर्षांत जसेच्या तसे वर उमटतात.

यावर अभियंत्यांनी काढलेली तोड मोठी मौजेची आहे. लादीचे लादीपणच नाहीसे करावयाचे! त्यासाठी एका जातीच्या यंत्रात अनेक अवजड हातोडे ओळीने उचलून आपटतात. दुसऱ्या जातीचे यंत्र एक पोलादी टाच रस्त्यावर टेकवून सेकंदाला सुमारे ४४ वेळा कंप पाववते. टाच जेमतेम इंचभर वरखाली होते, तरी लादी तळापर्यंत भंगते. वरच्या बाजूस बारीक चुरा होतो, खाली वीतभर आकाराचे तुकडे राहतात. हे तुकडे जागचे हललेले नसल्यामुळे एकमेकांत घट्ट अडकलेले असतात. त्यांवर रूळ फिरविला की भक्कम पाया सिद्ध होतो आणि मग डांबरमिश्रित खडीचे थर पडतात. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात १९८६ साली ही रीत प्रथम योजिली गेली. माझ्या गोव्यातील गावी जुने घर पाडले की त्याचे चिरे नव्या भिंतीत बसवितात, त्याची मला येथे आठवण झाली.

मात्र, विद्यार्थिमित्रहो, ही रीत सरसकट चालत नाही. आपल्या सुरतेची जमीन तापीच्या गाळाची, काळी व चिकण. पावसाळ्यात ती फुगते आणि पाणीही फार खोल नसते. खालची माती मऊ असेल तर लादी फोडताच तिचे तुकडे चिखलात रुततील. म्हणून आधी रस्त्याच्या दोन्ही कडांना पाणी निघून जाण्यासाठी चर खणावे लागतात, आणि माझ्या मते यंत्रापेक्षाही या चरांचे महत्त्व अधिक आहे. फुटलेल्या काँक्रीटमधील चुना पाण्याबरोबर येऊन नळांच्या तोंडाशी पांढरे पुट धरतो, तेव्हा ते वेळोवेळी साफही करावे लागतात.

दगडाची बचत करण्याचा आणखी एक मार्ग आपल्या हजिऱ्यास दिसतो. पोलाद करताना भट्टीत जी मळी उरते, तिच्यावर प्रक्रिया करून तेथे एक किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा सहापदरी रस्ता बांधला आणि जून २०२२ मध्ये तो खुला झाला. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने त्याचे तंत्र दिले. खाणीच्या खडीऐवजी त्यात सुमारे १ लाख टन मळी वापरली असून त्याची जाडी नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी आहे. बंदराकडील अवजड मालमोटारी त्यावरूनच जातात.

हे सारे वर्गात सांगितल्यावर त्याच मुलीने पुन्हा हात वर केला. "पण सर, आमच्या गल्लीत रस्त्याखाली पाण्याचे नळ आहेत. ते नाही का फुटणार?" शंका अगदी रास्त होती. जुने नळ वरच्यावर असतील किंवा घरे रस्त्याला भिडलेली असतील, तर असे हादरे देता येत नाहीत. गोपीपुऱ्यासारख्या दाट वस्तीत तर नाहीच नाही. तेथे तुकडे उचलूनच न्यावे लागतात. परंतु कोसाड येथे महानगरपालिकेचे बांधकामाच्या राड्यारोड्याचे केंद्र आहे. तेथे असे तुकडे दळतात आणि त्यांतून फरसबंदीचे ठोकळे तयार करतात.