आडवाटेची देवळे (लेखांक सहावा) : अंजनेरीचे पडके समूह आणि ब्रह्मगिरीची फेरी

नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे जाताना साधारण वीस किलोमीटरांवर डाव्या हाताला अंजनेरीचा डोंगर लागतो आणि त्याच्या पायथ्याच्या गावात, शेतांच्या बांधांना लागून, काळ्या बेसाल्ट दगडातील पडक्या मंदिरांचे समूह विखुरलेले दिसतात. साधारण सोळा मंदिरांच्या या समूहात जैन मंदिरे अधिक आणि हिंदू मंदिरे थोडी असून, बहुतेकांची शिखरे कोसळलेली, मंडपांची छपरे उघडी पडलेली आणि कोरीव दगड आवारात रचून ठेवलेले आहेत. मागील लेखांकात पाहिलेल्या सिन्नरच्या गोंदेश्वराशी या मंदिरांचा काळ जवळपास जुळतो, परंतु गोंदेश्वर आज शहराच्या कुशीत अखंड उभा आहे आणि अंजनेरीला मात्र आपले शहरच उरलेले नाही. एखादे देऊळ आडवाटेला का पडते, या लेखमालेच्या मूळ प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी अंजनेरीइतके चांगले ठिकाण नाशिक जिल्ह्यात दुसरे नाही.

येथील एका जैन मंदिरात शके १०६३, म्हणजे इ.स. ११४१-४२ चा शिलालेख आहे. यादव घराण्यातील सेउणचंद्र (तिसरा) याने आठवे तीर्थंकर चंद्रप्रभ यांच्या मंदिराला तीन दुकाने दान दिली आणि त्याच्याबरोबर वत्सराज, लाहड व दशरथ या व्यापाऱ्यांनी आणखी एक दुकान आणि एक घर अर्पण केले, असा या लेखाचा आशय आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख अभ्यासकांपुढे आणला. दान जमिनीचे नसून दुकानांचे आहे, ही यातली महत्त्वाची गोष्ट होय. कारण दुकानाचे भाडे देवाच्या पूजेला पुरेल अशी खात्री दात्याला तेव्हाच वाटते, जेव्हा त्या दुकानापुढून रोज माल आणि माणसे जात असतात. अंजनेरी त्या काळी बाजारपेठ होती, एवढा निष्कर्ष या एका लेखावरूनही काढता येतो. त्याला त्याहून जुना पुरावाही जोड देतो. अंजनेरी येथेच सापडलेल्या आणि वा. वि. मिराशी यांनी संपादित केलेल्या ताम्रपटांत (तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली राजाची दानपत्रे) हरिश्चंद्र वंशातील भोगशक्ती या राजाची आज्ञा आहे. त्यांपैकी एकावर कलचुरी संवत ४६१, म्हणजे इ.स. ७१० च्या सुमाराचा उल्लेख आहे, तर दुसऱ्यात ओस पडलेले एक नगर पुन्हा वसवून तेथील व्यापाऱ्यांना जकातीतून सूट दिल्याची नोंद आहे. सह्याद्रीच्या या बाजूला राजा आणि व्यापारी यांचा व्यवहार किती जुना आहे, हे यावरून स्पष्ट होते.

मंदिरांची रचना समजून घेण्यासाठी तीन संज्ञा पुरेशा आहेत. मूर्ती जेथे असते ती आतील लहान, अंधारी खोली म्हणजे गर्भगृह. तिच्या पुढील चिंचोळा भाग म्हणजे अंतराळ. आणि भक्त जेथे जमतात तो खांबांचा मोकळा भाग म्हणजे मंडप. अंजनेरीच्या अनेक मंदिरांत हे तिन्ही भाग अगदी आटोपशीर मापात आहेत. दहा-बारा माणसे उभी राहिली तर मंडप भरावा, अशी त्यांची घडण आहे. राजधानीचे भव्य मंदिर बांधणाऱ्याचा हेतू त्यांत दिसत नाही. पेठेतल्या एकेका घराण्याने, एकेका पंथाने आपापल्या ऐपतीप्रमाणे उभारलेली ही देवघरे आहेत, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. अशा मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हटले जाते, परंतु ज्याच्या नावाने ही ओळख रूढ झाली तो हेमाद्री हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अंजनेरीचा शिलालेख त्याच्या कारकिर्दीपेक्षा शंभर वर्षांहूनही अधिक जुना आहे. चुना न वापरता दगडावर दगड बसवण्याची पद्धत हेमाद्रीच्या आधीपासून या प्रदेशात रुळलेली होती, हे वाचकाने लक्षात ठेवावे.

मंदिरांच्या मागून डोंगरावर जाणारी वाट हा या स्थळाचा दुसरा, आणि तितकाच महत्त्वाचा भाग आहे. अर्ध्या चढावर खडकात कोरलेले जैन लेणे लागते, त्यानंतर पहिल्या पठारावर अंजनीमातेचे मंदिर आणि तळे, पुढे सीता गुंफा आणि शेवटी माथ्यावर पुन्हा अंजनीमाता व हनुमान यांचे स्थान आहे. हनुमानाचा जन्म याच डोंगरावर झाला, अशी परिसरातील श्रद्धा आहे. गावातली मंदिरे, मधले लेणे आणि माथ्यावरचे देऊळ हे तीन निरनिराळ्या काळांचे थर आहेत. त्यांना जोडणारी पायवाट नसती तर ते एकमेकांना अनोळखीच राहिले असते. पठारावर पावसाळ्याच्या शेवटी उमलणारी कंदीलपुष्पाची एक जाती, सेरोपेजिया अंजनेरिका, याच डोंगराच्या नावाने विज्ञानाला ज्ञात झाली. तिचे वर्णन २००६ साली प्रसिद्ध झाले. कड्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. या दोन्ही कारणांनी २०१७ मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. राष्ट्रीय उद्यानापेक्षा हा दर्जा सौम्य आहे, कारण त्यात स्थानिक लोकांच्या हक्कांना धक्का न लावता त्यांच्या सहभागाने वनसंपदा जपणे अपेक्षित असते. पायथ्याशी असलेली नाणेशास्त्र संशोधन संस्थाही अभ्यासू वाचकाने वेळ काढून पाहावी. भारतीय नाण्यांचा इतका शिस्तशीर परिचय अन्यत्र क्वचितच होतो.

अंजनेरीची वाट चढून उतरण्याची आहे, तर शेजारच्या ब्रह्मगिरीची वाट भोवती फिरण्याची आहे. श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारी, त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त कुंडात स्नान करून असंख्य लोक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात. तिलाच लोक फेरी म्हणतात. लहान फेरी सुमारे वीस किलोमीटरांची आणि मोठी तिच्या दुपटीच्या आसपास असते. डोंगर उजव्या हाताला ठेवून प्रयागतीर्थ, पेगलवाडी, पहिने अशी वाट दक्षिणेकडे वळते, पश्चिमेच्या बाजूने फिरते आणि सापगावाकडून पुन्हा त्र्यंबकला येते. या फेरीचे भौगोलिक वैशिष्ट्य फारसे कोणी सांगत नाही. ब्रह्मगिरीच्या पूर्वेला पडलेला पाऊस गोदावरीतून सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळतो, तर पश्चिम-दक्षिणेकडील पाणी वैतरणेतून अरबी समुद्राला जाते. प्रदक्षिणा करणारा माणूस एकाच दिवसात दोन समुद्रांकडे जाणाऱ्या दोन नद्यांची मुळे ओलांडतो. गोदावरीला पवित्र मानणारा समाज तिच्या उगमाच्या डोंगराला वळसा घालतो, तेव्हा श्रद्धेने आखलेली ही वाट जलविभाजकाचीच ओळख करून देते; जलविभाजक म्हणजे दोन नद्यांची पाणलोट क्षेत्रे वेगळी करणारी उंच रेषा.

वारकरी परंपरेतही या वाटेला मानाचे स्थान आहे. विठ्ठलपंत आपल्या कुटुंबासह ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करीत असताना वाघाच्या भीतीने सर्वांची ताटातूट झाली, निवृत्तिनाथ वाट चुकून एका गुहेत शिरले आणि तेथे गहिनीनाथांनी त्यांना उपदेश केला, असे परंपरा सांगते. नाथपंथाचा वारसा ज्ञानेश्वरांपर्यंत पोहोचला तो या वाटेवरून, अशी ही श्रद्धा आहे. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरी असून पौष वद्य एकादशीला तेथे मोठी यात्रा भरते आणि ज्येष्ठात त्यांची पालखी येथूनच पंढरपूरला निघते. ब्रह्मगिरीच्या कमरेवर मेट नावाच्या लहान वस्त्या आहेत. डोंगरावरील किल्ल्याच्या पहाऱ्याशी जोडलेली ही जुनी ठाणी आज आदिवासी व इतर कुटुंबांची गावे आहेत. देशातील एका मोठ्या नदीच्या उगमाशी राहूनही उन्हाळ्यात पाण्यासाठी त्यांना वणवण करावी लागते, ही गोष्ट फेरीच्या वर्णनांत सहसा येत नाही, पण ती यायला हवी.

वाट आणि धर्मस्थळ यांची सांगड नाशिकच्या इतिहासात किती खोल आहे, हे पांडवलेण्यांच्या शिलालेखांवरून समजते. त्रिरश्मी डोंगरावरील दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात लेण्याच्या दानाबरोबरच त्याने भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे बांधलेल्या धर्मशाळांचा, खोदलेल्या विहिरींचा आणि तापी, दमण, डहाणूका यांसारख्या नद्यांवर प्रवाशांसाठी मोफत सुरू केलेल्या नावांचा अभिमानाने उल्लेख आहे. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच, दशपुर म्हणजे मंदसोर, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि गोवर्धन नाशिकजवळचे. भिक्षूंना लेणे देणे आणि वाटसरूला नाव देणे ही त्या दात्याच्या दृष्टीने एकाच पुण्याची दोन अंगे होती. वास्तू जपायची आणि तिच्याकडे जाणारी वाट विसरायची, अशी फारकत त्याला कळलीच नसती.

आजच्या कायद्यात मात्र ती फारकत दिसते. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे यांच्याविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित आहे. वास्तूभोवती असे वर्तुळ आखता येते; डोंगराभोवती वनखात्याला सीमा आखता येते; परंतु वीस किलोमीटर लांब आणि जेमतेम दोन माणसांच्या रुंदीची वाट या आकृत्यांत बसत नाही. फेरीच्या वाटेचे तुकडे काही ठिकाणी डांबरी रस्त्याखाली गेले आहेत. ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी झालेल्या उत्खननाविरुद्ध आणि मुळेगावकडून अंजनेरीवर गाडीरस्ता नेण्याच्या प्रस्तावाविरुद्ध २०२१ मध्ये नाशिकच्या पर्यावरणप्रेमींनी आवाज उठवला; त्यानंतर अंजनेरी ते ब्रह्मगिरी रोपवेची योजना पुढे आली. वृद्ध आणि अपंग यात्रेकरूंना देवदर्शन सुलभ व्हावे ही अपेक्षा रास्त आहे. तरीही कंदीलपुष्पाच्या पठारावर गाड्यांचा तळ होणे ही त्या अपेक्षेची किंमत असू नये.

या बाबतीत फ्रान्सचे उदाहरण उपयोगी पडते. मध्य फ्रान्समधील ल प्वी या गावात ज्वालामुखीच्या घट्ट झालेल्या सुळक्यावर दहाव्या शतकात सेंट मिशेलचे चॅपल बांधले गेले. चॅपल म्हणजे लहान ख्रिस्ती प्रार्थनास्थळ. तेथे पोहोचण्यासाठी २६८ पायऱ्या चढाव्या लागतात. नाशिकचे डोंगरही लाव्हाचेच असल्याने दगडाचे हे नाते मराठी वाचकाला सहज ओळखता येईल. ल प्वीचा बिशप गोदेस्काल्क इ.स. ९५०-५१ मध्ये तेथून स्पेनमधील सांतियागोला तीर्थयात्रेस गेला आणि ती वाट पुढे प्रसिद्ध झाली. आज तिच्यावर पांढऱ्या आणि लाल रंगाच्या आडव्या पट्ट्यांच्या खुणा झाडांवर, कुंपणांवर आणि दगडांवर रंगवलेल्या असतात, त्यामुळे परका माणूसही नकाशाशिवाय गावोगावच्या चॅपलांपर्यंत पोहोचतो. युनेस्कोने १९९८ मध्ये फ्रान्समधील या यात्रामार्गांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हा यादीत ७१ वास्तूंबरोबर ल प्वीच्या वाटेचे सात तुकडेही स्वतंत्रपणे घेतले गेले. पायाखालची माती ही स्मारकाइतकीच वारसा ठरू शकते, हे तत्त्व तेथे कागदावर मान्य झाले आहे.

ब्रह्मगिरीची फेरी त्या मान्यतेस सर्वथा पात्र आहे. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी त्र्यंबकेश्वर परिसरात रस्ते, पूल आणि घाट यांवर मोठा खर्च होत आहे. त्याच्या अगदी थोड्या भागात फेरीच्या संपूर्ण वाटेची मोजणी करून ती गावनकाशांवर नोंदवता येईल, वळणांवर साध्या रंगाच्या खुणा करता येतील आणि मेटांच्या वस्त्यांना यात्रेकरूंच्या आधी पाणी देता येईल. ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीतून ही वाट जाते त्यांनी ग्रामसभेच्या ठरावाने ती सार्वजनिक पायवाट म्हणून नोंदवण्याची मागणी आताच करावी. वाचकांपैकी जे या श्रावणात फेरीला जातील त्यांनी सोमवारची गर्दी टाळून आठवड्याचा दुसरा दिवस निवडावा, प्लास्टिक परत आणावे आणि परतताना अंजनेरीला उतरून गावातली मंदिरे आवर्जून पाहावीत.